सतरा तारखेचा पाऊस

पावसाचा कोर्स जानेवारीत सुरू होतोय हे ऐकून कांताबाईंनी मटार सोलता सोलता मान वर केली.

"मग मे महिन्यात काय, शेकोटी पेटवायला शिकवणार?" त्या म्हणाल्या, आणि पुन्हा मटारांकडे वळल्या.

"नुसता पावसाचा नाही, आई. हवा, हवामान, सगळंच. ओळखीपुरतं. सहा महिन्यांचा कोर्स आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार, आठ ते दहा. शनिवार सोडला तर वल्लरीच्या शाळेच्या वेळेला मी घरी असेन."

"अस की. मी कुठे अडवलंय?" एक शेंग फुटली, दाणे ताटलीत पडले. "बी.कॉम. झालेल्या बाईनं ढग मोजायचे. चांगलं आहे."

गॅसचं बटण बंद आहे ना हे चैतालीने पुन्हा एकदा पाहिलं, बाल्कनीच्या दाराची कडी पाहिली, आणि आतल्या खोलीत वल्लरीचा श्वास नीट चाललाय ना, हेही दारात उभं राहून पाहिलं. गेल्या सव्वा वर्षात हा तिचा रोजचा फेरा झाला होता. नवरा, अनिरुद्ध, गेला तेव्हापासूनचा.

कोर्सला जाण्याचं खरं कारण कपाटात होतं. सासूबाई, कांताबाई, पोस्टातून निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्या पेन्शनच्या पासबुकात वर्तमानपत्राचं एक कात्रण घडी घालून ठेवलेलं होतं. आठ ओळींची बातमी. ओढ्यात पडून तरुणाचा मृत्यू. शेवटची ओळ चैतालीला पाठ होती: 'टेकडीवरील महाविद्यालयाच्या नोंदीनुसार सतरा तारखेला या परिसरात अवघा ०.८ मिलिमीटर पाऊस झाला होता.'

त्या 'अवघा'ने निकाल लावून टाकला होता. ऑक्टोबरची सतरा तारीख, संध्याकाळचे सव्वापाच. खाली वस्तीत लख्ख ऊन. कंपनीने अनिरुद्धला तीन महिन्यांपूर्वी घरी बसवलेलं, माणूस अबोल झालेला. त्याची स्कूटर ओढ्यावरच्या ठेंगण्या फरशी पुलाच्या अलीकडे व्यवस्थित स्टँडला लावलेली सापडली, हेल्मेट आरशाला अडकवलेलं. तो स्वतः दुसऱ्या दिवशी सकाळी दोन किलोमीटर खाली सापडला. तोवर ओढ्याला घोट्याएवढं पाणी उरलं होतं. पुलाजवळचा पानवाला म्हणाला, "पाणी होतं थोडं, पण पाऊस कुठे होता? मी टपरीला ऊन लागतं म्हणून पडदा लावून बसलो होतो." गाडी स्टँडला लावून, हेल्मेट काढून ठेवून माणूस ओढ्यात पडतो का? उघड कुणी बोललं नाही, पण सगळ्यांनी आपापला हिशोब केला.

कांताबाईंचा हिशोब एक पाऊल पुढे गेला. वर्षाच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, भन्तेजी गेले, पाहुणे पांगले, आणि सतरंजी गुंडाळताना त्या म्हणाल्या, "माझं पोर पाण्यानं नाही मेलं. बोलण्यानं मेलं." कुणाच्या, ते म्हणायची गरज नव्हती. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. वल्लरीला सांभाळत राहिल्या, चैतालीचा चहा झाकून ठेवत राहिल्या. झाकण मात्र जरा आपटून ठेवत.

त्या संध्याकाळचा फोन मात्र कुणालाच माहीत नव्हता. फोन झाला एवढं माहीत होतं. काय बोलणं झालं ते चैतालीने पोलीस चौकीवरही सांगितलं नव्हतं. "पोरीला ताप आहे, लवकर ये, एवढंच म्हणाले," असं तिने लिहून दिलं होतं.

चार वाजून बावन्न मिनिटं. कांताबाई लोणी काळभोरला बहिणीकडे गेलेल्या. साडेपाच वर्षांची वल्लरी तापाने फणफणलेली, डॉक्टरांकडे न्यायला गाडी नाही. अनिरुद्ध स्वारगेटहून कुणा कॉन्ट्रॅक्टरला भेटून परत निघालेला.

"निघालो. मोठ्या पुलावरून येतो," तो म्हणाला.

"अरे, एवढा वळसा कशाला? फरशीवरून ये ना. एकशे दोन आहे ताप."

"वर कात्रजकडे काळं दिसतंय गं, चैतू."

"इथे ऊन पडलंय. काळं-बिळं काही नाही. तू ये आधी."

एवढंच. या चार वाक्यांवर ती सव्वा वर्ष जगत होती. वर डोंगरात पाऊस झाला असेल, तर तो घरीच येत होता, लेकीसाठी येत होता, आणि त्याला त्या पाण्यात तिने बोलावलं होतं. पाऊस झाला नसेल, तर तो आपल्या पायांनी गेला, आणि तिच्या फोनचा त्यात काही वाटा नव्हता. दोन्हींतलं कुठलं खरं, हे ठरवायचं धाडस तिला झालं नव्हतं.

डिसेंबरात वल्लरीने ते ठरवायला लावलं. वेणी घालून घेता घेता पोरीने विचारलं, "आई, बाबा मला कंटाळून गेला का?"

"कोण म्हणालं?"

"रिक्षातली मुलं. ते म्हणतात तुझ्या बाबाने मुद्दाम उडी मारली. मी सारखी आजारी पडायचे ना तेव्हा?"

चैतालीच्या हातातली रिबीन तशीच राहिली. त्याच आठवड्यात टेकडीवरच्या कॉलेजच्या फाटकावर तिला फलक दिसला: 'हवा आणि हवामान: प्राथमिक ओळख. प्रवेश सर्वांना खुला.' ०.८ हा आकडा जिथून आला, तेच कॉलेज.

पहिल्या दिवशी ती टेकडी चढून पोचली तेव्हा खाली कात्रजवर धुराची गोधडी पसरलेली होती. हवेत चुलीचा आणि डिझेलचा वास होता. वर्गात चौदा जण. तेरा पोरं-पोरी अठरा-एकोणीसची, आणि मागच्या बाकावर ती, एकोणतीसची. शेजारच्या शेफाली नावाच्या मुलीने सरकून जागा दिली. "ताई, तुम्हीपण क्रेडिटसाठी?"

सुनीती मॅडम आल्या. पन्नाशीच्या, सुती साडीवर तपकिरी स्वेटर आणि पायांत पळायचे बूट. हजेरी न घेताच त्यांनी एकेकाला विचारायला सुरुवात केली, इथे का आलात.

"मॅडम, इंटरेस्ट आहे," पहिला मुलगा म्हणाला.

"कशात?"

"म्हणजे... क्लायमेट चेंज वगैरे."

"त्यातलं 'वगैरे' आपल्या अभ्यासक्रमात आहे. पुढे."

हशा झाला. शेफालीने प्रामाणिकपणे "क्रेडिट" सांगितलं. "हिला दोन मार्क जास्त द्या कुणीतरी," मॅडम म्हणाल्या. मग त्यांची नजर मागच्या बाकावर आली. "आणि आपण?"

"आवड म्हणून," चैताली म्हणाली.

मॅडमनी चष्म्यावरून तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "बरं," त्या म्हणाल्या, आणि चेष्टा केली नाही.

साडेआठला पाच मिनिटं कमी असताना सगळ्यांना इमारतीमागच्या तारेच्या कुंपणात नेलं. आत झडपांची पांढरी पेटी, तिच्यात तापमापकं. वारा दाखवणारा बाण. जमिनीत अर्धवट पुरलेलं पर्जन्यमापक, आणि शेजारी दुसरं, उंच, ज्याच्या आत कागद गुंडाळलेलं पिंप घड्याळावर फिरतं आणि पेन रेघ काढत राहतं. या सगळ्याचा धनी कचरू. साठीला आलेला, कानटोपी घातलेला, लोणी काळभोरहून पहाटेच्या बसने येणारा.

त्याने पर्जन्यमापकाचं नरसाळं काढलं, आतली बाटली उचलली, कोरडी ठणठणीत बाटली काचेच्या मोजपात्रात उलटी केली, तीनदा झटकली, आणि मोजपात्र डोळ्यांसमोर धरून गंभीरपणे पाहिलं.

"काका, पाऊसच नाहीये की," एक मुलगा म्हणाला.

"न्हाईये ना? मंग त्ये बी लिवायला पायजे," कचरू म्हणाला. "बावीस वरीस झाली. शून्य असलं तरी बघूनच लिवायचं."

वर्गात परतल्यावर त्याने रजिस्टर उघडलं. त्या दिवसाच्या ओळीखाली लाकडी फूटपट्टी घट्ट बसवली. "ही खाली ठिवायची. म्हंजी डोळा घसरत न्हाई. डोळा घसरला की मंगळवारचा पाऊस बुधवारी पडतो." पोरं हसली. त्याने पावसाच्या रकान्यात ०.० लिहिलं. चैतालीचं लक्ष त्याच्या मागे होतं. लोखंडी कपाटात, कण्यावर सालं चिकटवलेली, बावीस रजिस्टरं उभी होती.

तिसऱ्या आठवड्यात निरीक्षणाची पाळी चैतालीची आली. साडेआठचं काम आटोपलं आणि कचरू बाहेरच्या यंत्रात नवा कागद चढवायला गेला. कपाट उघडंच होतं. तिने साल शोधलं, ऑक्टोबर शोधला. हात इतके गार पडले होते की पानं चिकटल्यासारखी वाटत होती. सतरा तारीख. कचरूने शिकवल्याप्रमाणे तिने पट्टी त्या ओळीखाली बसवली, डोळा घसरायला नको म्हणून, आणि बोट एकेका रकान्यावरून सरकवत शेवटच्या रकान्याशी आणलं.

०.८.

कचरूच्या अक्षरात, निळ्या शाईत. बातमीत होतं तेच. बाहेर कचरूच्या चपला वाजल्या, तिने रजिस्टर मिटून जागेवर सरकवलं.

टेकडी उतरताना तिला कळलं की आपण भराभर चालतोय, आणि पाय हलके पडताहेत. म्हणजे पाऊस नव्हता. म्हणजे फरशीवरून ये म्हटलं काय, मोठ्या पुलावरून ये म्हटलं काय, काही फरक पडला नसता. फाट्यावरच्या गाडीवरून तिने वल्लरीसाठी तिखटमीठ लावलेले पेरू घेतले. त्या रात्री ती कुणाचा श्वास न मोजता सलग झोपली.

सकाळी वल्लरी दात घासत होती. पेस्टचा फेस हनुवटीवर ओघळलेला, आरशात आईकडे पाहून ती हसली. अनिरुद्धसारखीच, एका बाजूने. आणि चैतालीला कालचे पेरू आठवले. आपण काल कशाने सुटलो? या पोरीचा बाप तिला टाकून गेला, हे पक्कं झालं म्हणून आपण पेरू आणले. ती मोरीत गेली, नळ सोडला, आणि तोंडावर पाणी मारत राहिली, कांताबाईंनी बाहेरून "पाण्याला मीटर नाही म्हणून काय झालं?" असं विचारेपर्यंत.

गुरुवारी सुनीती मॅडमनी फळ्यावर फक्त घड्याळ काढलं. साडेआठ वाजलेलं.

"समजा, बुधवारी संध्याकाळी पाच वाजता धो धो पाऊस पडला. रजिस्टरमध्ये तो कुठल्या वारासमोर दिसेल?"

"बुधवार," वर्ग एका सुरात म्हणाला.

"छान. सगळेच चुकलात, म्हणजे निदान एकी आहे." त्यांनी खडू घड्याळावर टेकवला. "आपण मोजतो केव्हा? सकाळी साडेआठला. बुधवारी साडेआठला मोजलं, ओळ भरली, बुधवार संपला. त्यानंतर जे पडेल ते बाटलीत साचत राहणार, आणि गुरुवारी सकाळी मोजून गुरुवारसमोर जाणार. रजिस्टरमधली तारीख ही पाऊस मोजल्याची असते. पडल्याची नाही. हे ज्याला कळलं नाही, त्याने जुन्या नोंदींना हात लावू नये. शेफाली, हसण्यासारखं काय आहे?"

"काही नाही मॅडम. कचरूकाका म्हणाले होते तसंच झालं, मंगळवारचा पाऊस बुधवारी."

"कचरू बावीस वर्षं हे काम करतोय. तुम्ही तीन आठवडे."

चैतालीला पुढचं ऐकू आलं नाही. वहीवर पेन टेकलं होतं तिथे शाईचा ठिपका मोठा होत चालला होता. सतरा तारखेच्या सकाळी साडेआठ. अनिरुद्ध बेसिनपुढे दाढी करत होता. ब्लेड बोथट झालंय म्हणून कुरकुरत होता. त्याच वेळी इथे वर कचरू पट्टी लावून ०.८ लिहीत होता. सोळा तारखेचा शिडकावा. सतरा तारखेची ओळ भरून मिटली तेव्हा अनिरुद्ध जिवंत होता, घरात होता. त्या आकड्याचा त्याच्या मरणाशी संबंधच नव्हता.

पट्टी फक्त एक ओळ खाली सरकवायची होती. कपाट वीस पावलांवर होतं. ती उठली नाही. दहा वाजता पर्स उचलून सरळ घरी आली, वल्लरीला शाळेच्या रिक्षात बसवलं, आणि रिक्षातल्या मुलांकडे एकेक करून पाहिलं. लहान लहान तोंडं. कुणीतरी घरी बोललेलं ऐकून बोललेली.

शनिवारी ती पावणेआठलाच पोचली. कचरू पायरीवर बसून डबीतला चहा पीत होता.

"मामा, जुनं रजिस्टर बघायचंय. गेल्याच्या आदल्या वर्षीचा ऑक्टोबर."

"मागंच बघितलं की तुमी," तो शांतपणे म्हणाला. "पट्टी पानात राह्यली व्हती. म्या दुसरी घिऊन लिवलं."

तिचा चेहरा उतरला. कचरूने चहा संपवला, टोपण लावलं, आणि उठून कपाट उघडलं. रजिस्टर टेबलावर ठेवलं. पट्टी अजून सतराच्या ओळीखाली होती. त्याने ती स्वतः सरकवली नाही, नुसता बाजूला उभा राहिला.

चैतालीने पट्टी खाली ओढली.

अठरा ऑक्टोबर. पाऊस: ११२.६.

"ध्येनात हाय माझ्या," कचरू म्हणाला. "ईस मिलिमीटरचं मोजपात्र पाच डाव काठोकाठ भरलं, आन वर बारा पूर्णांक सहा. मला वाटलं माझंच चुकलं. मॅडमला बोलवून दाखीवलं. आदल्या दिशी दुपारनं डोंगरावर ढग फुटल्यावानी झालतं. हितं समोरचं झाड दिसत नव्हतं. संध्याकाळी बसनं घरी गेलो, तर लोणीला धूळ उडत व्हती. बायको म्हनली, येडं झाला का, कुठला पाऊस."

"मग हा आकडा कुणी... कुणी विचारला नाही?"

"चौकीवरनं एक जण आलता. म्हनला, सतरा तारखेचा पाऊस लिवून द्या. मी म्हनलं सायेब, सतराचा का अठराचा? त्यो म्हनला, सतराचा म्हनलं ना. सतराचा दिला." कचरूने कानटोपी काढली, डोकं खाजवलं. "मागितला त्यो दिला. जास्तीचं कशाला बोला, म्हनलं. सरकारी कागद." मग हळूच, "तुमचं कोन व्हतं, ताई?"

"नवरा."

खालच्या खणातून कचरूने एक जाड पाकीट काढलं, त्यातले गुंडाळलेले कागद एकेक करून पाहिले, आणि एक तिच्यासमोर उलगडला. बाहेरच्या उंच यंत्रातला कागद होता तो. सतराच्या सकाळी चढवलेला, अठराच्या सकाळी उतरवलेला. आडव्या बाजूला तास, उभ्या बाजूला पाऊस. दहा मिलिमीटर झाले की त्या यंत्रातलं पाणी आपोआप उपसलं जातं आणि पेन तळाला येऊन पुन्हा चढायला लागतं. दुपारी चारपर्यंत जांभळी रेघ सरळ, सपाट. मग चार वाजून दहा मिनिटांनी ती चढली, पडली, चढली, पडली. करवतीसारखे अकरा दात. साडेपाचला पुन्हा सपाट.

चैतालीने चार बावन्नवर बोट ठेवलं. सहावा दात. ती "इथे ऊन पडलंय" म्हणत होती तेव्हा वर चाळीस मिनिटं पाऊस कोसळत होता, आणि ते सगळं पाणी ओढ्याने खाली निघालेलं होतं. तो फरशीपाशी आला असेल. पाणी फरशीवर चढलेलं पाहिलं असेल. गाडी न्यायला नको म्हणून स्टँडला लावली असेल, हेल्मेट आरशाला अडकवलं असेल, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली असेल. चालत पलीकडे जाऊ, पोरीला ताप आहे. ऊन पडलेलं. आणि तेवढ्यात वरून सहावा, सातवा, आठवा दात खाली उतरला असेल.

पॅन्ट दुमडलेलीच होती. दवाखान्यात तिने पाहिलं होतं. पाण्याने गोळा झाली असेल, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

सुनीती मॅडम केव्हा दारात येऊन उभ्या राहिल्या, कळलं नाही. त्यांनी कागद पाहिला, रजिस्टर पाहिलं, चैतालीकडे पाहिलं. कचरूने त्यांना हळू आवाजात दोन वाक्यं सांगितली. मॅडमनी चष्मा काढून पदराने पुसला.

"त्या दिवसाच्या बातमीत आपल्या कॉलेजचं नाव आलं होतं," त्या म्हणाल्या. "आकडा बरोबर छापलाय म्हणून मी कात्रण बोर्डावर लावलं होतं." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "दोन्हींच्या झेरॉक्स काढा. सही मी करते. शिक्का कचरूकडे आहे. आज वर्गात बसायची सक्ती नाही."

घरी कांताबाई एकट्याच होत्या. शनिवारची सकाळची शाळा, वल्लरी बाराला येणार. चैतालीने झेरॉक्स त्यांच्यासमोर ठेवल्या, पासबुकातलं कात्रण मागून घेतलं आणि शेजारी ठेवलं. साडेआठचं सांगायला सुरुवात केली. तिला वाटलं होतं दोन-तीनदा समजवावं लागेल. कांताबाईंनी हात वर करून तिला थांबवलं.

"कळलं. पोस्टातसुद्धा शेवटची डाक निघून गेल्यावर टाकलेल्या पत्रावर दुसऱ्या दिवसाचा शिक्का पडतो. लोक भांडायला यायचे, मी काल टाकलं म्हणून." त्यांचं बोट ०.८ वरून ११२.६ वर आलं. "छत्तीस वर्षं मी तोच शिक्का मारला. आणि हे नाही कळलं मला."

त्यांनी अकरा दातांवरून बोट फिरवलं, हळूहळू, एखाद्याच्या पाठीवरून फिरवावं तसं. मग तोंडाला पदर लावला.

"म्हणजे घरी येत होता गं माझा बाळ. घरीच येत होता." आणि त्यांनी दुसऱ्या हाताने चैतालीचं मनगट धरलं. सव्वा वर्षात पहिल्यांदा. "मी तुला काय काय म्हटलं. माझ्या जिभेला हाड नाही. तू मला..."

इथेच थांबता आलं असतं. फोनवरचं बोलणं कुठल्याही रजिस्टरात नव्हतं. म्हातारीचा हात मनगटावर गरम लागत होता, आणि तो तसाच राहावा असं चैतालीला इतकं वाटलं की तिने डोळे मिटून घेतले. पण त्या हाताला जे ठाऊक नव्हतं, ते ठाऊक असताना तो धरून ठेवणं तिला जमेना.

"आई," ती म्हणाली, "तो मोठ्या पुलावरून येणार होता."

आणि तिने चारही वाक्यं सांगितली. त्याची दोन, तिची दोन. शब्द बदलला नाही.

हात मनगटावरून निघाला. एकदम नाही. एकेक बोट उचलल्यासारखा.

"किती वाजता?" कांताबाईंनी विचारलं.

"चार बावन्न."

त्यांनी चष्मा लावला, कागद उजेडाकडे फिरवला, तासांच्या रेघा मोजल्या, आणि सहाव्या दातावर बोट ठेवलं. ते बोट तिथून हललं नाही. खाली भाजीवाला ओरडत गेला. कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली. चैताली उठून गॅस बंद करून आली तरी बोट तिथेच होतं.

"काळं दिसतंय म्हणाला," कांताबाई म्हणाल्या.

"हो."

"लहानपणापासून त्याला कळायचं. वाळत घातलेले कपडे तोच आधी काढायचा."

जिन्यात पावलं वाजली. वल्लरी धापा टाकत आत आली, दप्तर भिरकावलं, आणि दोघींच्या मध्ये डोकं घातलं. "हे काय आहे? डोंगर काढलेत?"

कांताबाईंनी नातीला मांडीवर ओढलं, घामाचे केस कपाळावरून मागे सारले.

"पाऊस आहे हा. तुझा बाबा तुला डॉक्टरकडे न्यायला घरी येत होता ना, त्या दिवशीचा. खूप मोठा पाऊस. डोंगरात पडला आणि खाली कुणाला दिसलाच नाही. रिक्षात कुणी काही म्हणालं तर सांगायचं, माझ्या आजीकडे शिक्क्याचा कागद आहे."

"म्हणजे बाबा कंटाळला नव्हता?"

"नाही."

वल्लरीने कागदाकडे बराच वेळ पाहिलं. मग तिला भूक लागली. ती हात धुवायला आत पळाली, नळ सुटला.

कांताबाईंनी कागदाच्या घड्या घातल्या. कात्रणाचे बारीक तुकडे केले, आणि तुकडे मुठीत धरून बसल्या.

"मोठी झाली की दुसरंही सांगायचं तिला," त्या चैतालीकडे न बघता म्हणाल्या. "तूच सांगायचं. मी नसले तरी. आज एकच पुरे."

"हो, आई."

"आणि काही दिवस माझ्याशी बोलू नकोस. राग नाही..." त्या थांबल्या. "आहे. राग आहे. पण तू ताट वाढ आता. पोर उपाशी आहे."

चैतालीने तीन ताटं घेतली. मंगळवारी सकाळी सातला ती निघाली तेव्हा ओट्यावर तिच्यासाठी झाकून ठेवलेला चहा नव्हता. आतून, भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या कांताबाईंचा आवाज आला.

"वर बघून जा."

ती गॅलरीत आली. कात्रजच्या डोंगरावर काहीच नव्हतं. स्वच्छ, कोरडं, फेब्रुवारीचं आकाश. तरीही ती दोन मिनिटं पाहत उभी राहिली, आणि मग फरशीची वाट सोडून मोठ्या पुलाच्या रस्त्याला लागली.